पंचवीस ग्रॅम

डिस्कच्या पोटाशी शाईनं एक आकडा लिहिलेला असतो. 175, 168, 150. दुकानात डिस्क मांडलेल्या असतात तेव्हा डोळ्यांत भरतो तो रंग. वजन बघायचं तर ती उलटी करावी लागते. तरुण मुलं रंग बघून उचलतात. आमच्या वयाची माणसं आधी ती पालथी करतात आणि आकडा वाचतात. मला हे वाचणं आवडतं. या खेळात आपल्या शरीराशी खरं बोलायची एक जागा आहे आणि ती तिथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

डिस्क गोल्फ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हातात वीतभर रुंदीची प्लास्टिकची तबकडी घ्यायची, ठरलेल्या जागेवरून फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची. पुढे कुठेतरी खांबाला साखळ्या लटकत असतात. त्यांना आपटून डिस्क खालच्या टोपलीत पडली की तो होल संपला. कमीत कमी फेकींत सगळ्या टोपल्या, अनेक ठिकाणी अठरा, गाठायच्या. बाकी सगळं चालणं, झाडं, वारा आणि सोबत.

मी खेळते ते लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या हाहामोंग्ना पार्कात. जुनी माणसं त्याला अजून ओक ग्रोव्हच म्हणतात. या खेळाचं पहिलं कायमचं मैदान इथेच, 1975 साली एड हेड्रिक यांनी आखलं. व्हॅम-ओ कंपनीत असताना फ्रिसबीला सरळ, स्थिर उडायला शिकवणारा हाच माणूस. सुरुवातीला इथे नुसते खांब रोवलेले होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद होत, म्हणून त्यांनी साखळ्यांची टोपली तयार केली आणि 1977 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. त्याच वर्षी दोन्ही व्हॉयेजर यानं अवकाशात गेली, आणि त्या मोहिमेचा कारभार चालतो ती जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या पार्काला अगदी लागून आहे. ओकच्या काटेरी कडांच्या पानांतून तिच्या इमारती दिसतात. तिथे एकेका ग्रॅमचा हिशेब करणारी माणसं बसलेली आहेत, हे आठवलं की हातातल्या 150 ग्रॅमच्या डिस्ककडे मी जास्त आदरानं पाहते.

हेड्रिक यांनीच 1976 साली प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन सुरू केली. वजनाचा नियम आज तीच ठरवते: व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त 8.3 ग्रॅम. लांब फेकायच्या डिस्कला ड्रायव्हर म्हणतात. तिचा व्यास एकवीस सेंटिमीटरच्या जरा पुढे असतो, म्हणजे कमाल वजन होतं साधारण 175. ही खरं तर वरची मर्यादा. पण खेळणाऱ्यांच्या मनात तेच योग्य वजन होऊन बसलं आहे. बहुतेकांच्या पिशव्या 170 ते 175च्या डिस्कनी भरलेल्या असतात, आणि त्याखालचं वजन म्हणजे मुलांचं, बायकांचं, नवशिक्यांचं, असा एक समज आहे. दुकानांतही हलक्या डिस्क ‘बिगिनर’च्या कप्प्यात सापडतात. तीस-तीस वर्षं खेळलेल्या माणसाला त्या कप्प्यापाशी वाकून उभं राहावं लागतं. मांडणी बदलायला हवी, असं मला फार वाटतं. त्या कप्प्यातलं प्लास्टिक नवशिक्यापेक्षा जाणत्या हाताला जास्त कळतं.

वय वाढलं की हातातून नेमकं काय जातं? सगळी ताकद काही जात नाही. घट्ट बसलेलं झाकण अजून उघडतं, तांदळाची पिशवी उचलता येते. जातो तो झटका. स्नायूंमध्ये झपाट्यानं आकुंचन पावणारे जे तंतू असतात, ते वयाबरोबर इतरांपेक्षा जास्त बारीक होतात, त्यामुळे शक्तीच्या आधी वेग ओसरतो. बॅकहँड फेक तर वेगाचीच असते. पावलं टाकत यायचं, कंबर वळते, मागून खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि शेवटी बोटांतून डिस्क सुटते. या साखळीतल्या एका जरी सांध्यानं उशीर केला की वेग सांडतो. तो भरून काढायला आपण नेमकं चुकीच्या जागी बळ लावतो, म्हणजे खांद्यात आणि कोपरात. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी खेळ सोडला तो पाय थकले म्हणून नव्हे, कोपर दुखू लागलं म्हणून.

आता उड्डाणाबद्दल, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. ड्रायव्हरवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. डिस्कला नीट उडायला किती वेग हवा, ती किती तरंगते, वेगात असताना कुठे झुकते आणि वेग कमी झाल्यावर किती जोरात परत वळते. मी उजव्या हाताची. माझ्या बॅकहँडची डिस्क पुरेशा वेगानं सुटली तर आधी किंचित उजवीकडे झुकते, मग काही क्षण सरळ तरंगते आणि वेग उतरला की डावीकडे वळून जमिनीला टेकते. लांब, ताणलेला ‘एस’ काढल्यासारखी तिची वाट असते. याचं कारण गिरकी. गरगर फिरणारा भोवरा एकदम कोसळत नाही, कललाच तर बाजूला डोलतो, डिस्कही तशीच. हवा तिचं नाक खाली दाबते किंवा वर उचलते, पण गिरकीमुळे तो दाब आडव्या कलण्यात उतरतो. वेग जास्त असताना कल एका बाजूचा, वेग कमी झाला की दुसऱ्या बाजूचा.

इनोव्हा कंपनीची डिस्ट्रॉयर ही नावाजलेली डिस्क. तिचे आकडे 12, 5, उणे 1, 3. पंचविशीतल्या जोरकस हातातून ती सुटते तेव्हा तिचा पूर्ण प्रवास दिसतो. माझ्या हातातून 175 ग्रॅमची डिस्ट्रॉयर सुटली तर तिला हवा तो वेग मिळतच नाही. पहिला झुकाव नाही, मधलं तरंगणं नाही, ती सुटल्या सुटल्या डावीकडे वळते आणि जमीन गाठते. लांबी कमी पडते, त्याचं मला इतकं दुःख नाही. दुःख आहे ते उड्डाणाचा पूर्वार्ध हरवल्याचं. म्हातारपणी जड, वेगवान डिस्क फेकणारा माणूस रोज फक्त शेवट पाहतो. हलकी डिस्क घ्यायची ती एवढ्यासाठी, की माझ्या हाताच्या वेगातही ती सुरुवातीपासून उडावी.

हलकेपणानं होतं काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण यात गैरसमज फार. पंचवीस ग्रॅम कमी झाले म्हणून हात काही मोठ्या वेगानं सुटत नाही. हाताचं स्वतःचंच वजन काही किलो असतं, त्यापुढे पंचवीस ग्रॅम किती? वेग वाढतो तो थोडासाच. खरा फरक दोन ठिकाणी पडतो. आकार तोच आणि वजन कमी, म्हणून तेवढ्याच पसाऱ्यावर हवेत राहायला कमी वेग पुरतो. हा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. 175 वरून 150 वर आलं तर साधारण सात टक्के कमी वेगात तेवढंच तरंगणं मिळतं. ओसरत्या हाताला हे सात टक्के फार मोठे असतात. दुसरं म्हणजे, वजन कमी झालं की गिरकीचा हट्टही कमी होतो, आणि तोच साचा हलक्या प्लास्टिकमध्ये पहिल्या झुकावाला लवकर तयार होतो. जड असताना जी ताठ वाटली, ती हलकी असताना बोलू लागते.

पण म्हणून नुसतं वजन उतरवून चालत नाही. वजनाआधी स्पीड उतरवावा, हा माझा ठाम आग्रह आहे. बाराची डिस्क 150 ग्रॅममध्ये घेण्यापेक्षा सहा-सातची घ्यावी. वेगवान डिस्कची कड रुंद असते, ती लहान किंवा आखडलेल्या बोटांत नीट बसत नाही. कमी स्पीडच्या डिस्कची कड अरुंद, पकड सोपी. इनोव्हाची लेपर्ड घ्या: 6, 5, उणे 2, 1. किंवा लॅटिट्यूड 64ची रिव्हर, जिचा ग्लाइड सात आहे. ही कंपनी स्वीडनच्या शेलेफ्टिओची, आणि तिच्या नावातला 64 म्हणजे त्या गावाचा अक्षांश. त्यांचीच डायमंड तर हलक्या हातांसाठीच घडवलेली आहे: 8, 6, उणे 3, 1. ती बाहेरची कड जरा खाली धरून सोडायची. याला हायझर म्हणतात. सुटल्यावर ती आपणहून आडवी सपाट होते, उजवीकडे झुकते, रेंगाळते आणि परत येते. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी पुढची फेक विसरून तिथेच उभी राहिले होते.

प्लास्टिकचाही विचार करावा. स्वस्त प्लास्टिक हातात मऊ लागतं, पण झाडावर आपटून आपटून त्याची कड मोडते आणि डिस्कचा स्वभाव बदलतो. महागातलं टिकाऊ प्लास्टिक मुळात जड. त्यावर कंपन्यांनी तोड काढली ती प्लास्टिकमध्ये बारीक हवेचे बुडबुडे सोडण्याची. इनोव्हाचं ब्लिझर्ड, लॅटिट्यूडचं एअर ही त्याच जातीची. ब्लिझर्डमधल्या 140 ग्रॅमच्या आतल्या डिस्क तर पाण्यावर तरंगतात. ओक ग्रोव्हला त्याचा उपयोग नाही, पण तळ्याकाठी खेळणाऱ्याचे पैसे वाचतात. या डिस्क उजेडाकडे धरून पाहाव्यात. आतले बुडबुडे दिसतात.

वाऱ्याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. दुपारनंतर खोऱ्यातून वारा वर चढू लागतो आणि काही होल त्याच्या तोंडावर येतात. अशा वेळी माझी 150ची डिस्क उचलली जाते आणि उजवीकडे वाहवत जाते. “अगं, समोरच्या वाऱ्यात एक तरी 170ची ठेव पिशवीत,” ह्यांचं म्हणणं. आणि ते खरं आहे. समोरून वारा आला की डिस्कपुरता तिचा वेग वाढतो, मग झुकाव वाढतो. तिथे जड आणि ताठ डिस्कच टिकते. “अहो, पण मग वारा नसताना तुम्ही तीच का फेकता?” असं मी विचारते. त्यावर ते पाणी पितात. म्हणून माझ्या पिशवीत एक जड मिडरेंज, म्हणजे मधल्या अंतराची डिस्क, असते, समोरच्या वाऱ्यापुरती. पाठीमागून वारा असला तर मात्र मी सर्वांत हलकी काढते, आणि तो वारा मला खांद्यावरून घेऊन जातो असं वाटतं.

पटरच्या, म्हणजे टोपलीजवळून फेकायच्या डिस्कच्या बाबतीत मी मुळीच हलकी घेत नाही. टोपलीपासून दहा पावलांवरून फेकायला झटका लागतच नाही. तिथे हवा तो ठामपणा. 170च्या आसपासचा पटर झुळकीनं हलत नाही, साखळ्यांत शिरतो आणि तिथेच पडतो. हलका असेल तर कधी कधी साखळ्यांवरून उसळून बाहेर येतो. लांबच्यासाठी हलकं, जवळच्यासाठी जड. वय वाढलं म्हणून पिशवीतलं सगळंच एकदम हलकं करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

हलक्या डिस्कची एक अट आहे, आणि ती मला आवडते. हात थरथरला, डिस्क डगमगत सुटली, तर जड डिस्क थोडं सांभाळून घेते. हलकी सांभाळत नाही. तिला सपाट, शांत सुटका हवी. इतकी वर्षं खेळून हातात काय उरलं असेल तर ते हेच. धावत येऊन फेकणं मी सोडलं, आता दोनच पावलं टाकते, आणि तरी पुष्कळदा मधल्या ओकच्या पलीकडे पोचते. पिशवीही हलकी झाली. वीस डिस्क म्हणजे साडेतीन किलो. मी आठ नेते.

हिवाळ्यात शेजारच्या मुलाचे वडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. निवृत्त शिक्षक, सत्तरी उलटलेली, सकाळी पार्कात एकटेच फेऱ्या मारायचे. एके दिवशी आमच्यापाशी थांबले. मी त्यांच्या हातात 141 ग्रॅमची डिस्क दिली.

“वहिनी, याहून जड नाही का? ही हातात आहे असं वाटतच नाही.”

“आधी ही टाकून बघा, सर. बाहेरची कड थोडी खाली. जोर नको, नुसतं सोडा.”

त्यांनी सोडली. ती पुढे गेली, सपाट झाली, उजवीकडे झुकली आणि आता झाडावर जाणार असं वाटत असताना परत फिरून गवतावर उतरली. सर काही बोलले नाहीत. चालत गेले, डिस्क उचलली, परत आले आणि त्याच जागी पुन्हा उभे राहिले. मागून तीन तरुण येत होते, खांद्यावर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन. आम्ही बाजूला झालो आणि त्यांना म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, आमचं इथलं अजून व्हायचंय.