मिनातला खोकला

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही हजला होतो. मक्केत पारा ५१ अंशांवर गेलेला. मिनात नजर पोहोचेल तिथवर पांढरे तंबूच तंबू. बाहेर तापलेले डोंगर, आत एसीचा गारवा. पडदे ओढलेले, गाद्या एकमेकींना चिकटून. पहिल्याच रात्री एका कोपऱ्यात खोकला सुरू झाला. अरफात, मुजदलिफा करून परतलो आणि शेवटच्या दिवशी कंकर मारायला निघालो, तेव्हा निम्मा तंबू खोकत होता.

हा उन्हाचा दोष नव्हता. उघड्यावर, उन्हात विषाणू फार टिकत नाही. एसीच्या कोरड्या हवेत मात्र घसा सुकतो, खोकल्याचे बारीक थेंब वाळून हलके होतात आणि बंद जागेत तरंगत राहतात.

कोकणात घरी आलो तर पाऊस लागलेला. काश्मिरात फ्लू थंडीत वाढतो, आपल्याकडे पावसाळ्यात. झडीमुळे खिडक्या बंद आणि अख्खे घर एका खोलीत, म्हणजे पुन्हा मिनाचाच तंबू! अम्मींना दमा. गळाभेटीसाठी त्यांनी हात पसरले. मी मास्क लावून दारातूनच सलाम केला. त्यांचे डोळे भरून आले, माझेही. जमजम बहिणीने पाजले. सहाव्या दिवशी खोकला थांबल्यावर त्यांच्या कुशीत शिरलो. अल्हम्दुलिल्लाह, अम्मी बऱ्या राहिल्या.

हज दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. ऋतू बदलतील, तंबूतली गर्दी तीच राहील. जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्यावी, तंबूत मास्क वापरावा. आणि परतल्यावर खोकला असेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांची गळाभेट चार दिवस लांबवावी.