लंगडा पाय

पोळ्याच्या सुमाराला उजवा हात कापायला लागला आणि बारीक कुंचला मी भाचीच्या हाती दिला. मुंबईत जुन्या चिनी भांड्यांच्या डागडुजीत माझी ४० वर्षं गेली. आता सुलतानपूरच्या ओसरीवर ती काम करते आणि मी बघतो. नुसतं बघत बसणं माझ्याच्यानं होत नाही.

तुकडे जोडायला ती पटकन शिकली. अडलंय ते पांढऱ्यापाशी. माझंही जन्मभर तिथंच अडलं. चीनमधल्या चिंगदेचनच्या भांड्यांचा पांढरा हा पांढरा नसतोच. १३०० अंशांच्या आसपास, हवा कोंडलेल्या भट्टीत झिलई वितळते, तेव्हा तिच्यातला लोहाचा कण निळसर झाक सोडून जातो. आम्हाला पुन्हा भट्टी लावता येत नाही. रेझिनमध्ये रंग कालवून तोच उजेड थंडपणी आणायचा. चुन्याचा पांढरा मेलेला, ज्वारीच्या पिठाचा पिवळा. साय काढलेल्या दुधाला पेल्याच्या काठाशी जी निळी कड दिसते, ती त्यातल्या त्यात जवळची. पण सकाळी जुळलेला रंग रात्री दिव्याखाली उघडा पडतो. तेवढ्यातून निभावलं, तर काही वर्षांत रेझिनच पिवळं पडतं.

हल्ली काही जण फवाऱ्यानं अर्धं भांडं रंगवून मोकळे होतात. भेगेबरोबर शाबूत झिलईही गाडली जाते. काही जण दिसेल त्या भेगेत सोनं भरतात आणि वर जपानी नाव सांगतात. त्यापेक्षा तारेचे टाके घालणारे जुने कारागीर बरे. त्यांनी भोकं पाडली, पण लपवलं काही नाही.

हे मी बोलावं, हीच गंमत. संग्रहालयवाल्यांचा दंडक असा की सांधा सहा फुटांवरून दिसू नये आणि सहा इंचांवरून लपू नये. माझी सगळी मिजास ते सहा इंचही जिंकण्यात होती. कँटनशी व्यापार केलेल्या पारशी घरांतून अशी भांडी मुंबईत आली. त्यातलीच एक बशी माझ्याकडे आली. तिच्यावर आठ चिनी सिद्ध. एकाचा गुडघ्याखालचा भाग उडालेला. हातात काठी, जवळ तुंबा. मला तो आपल्याकडचा बैरागीच वाटला. मी पाय भरला, सरळ, घोटीव, बोटांसकट. मालक भिंग घेऊन बसले, त्यांना सांधा सापडला नाही. त्या संध्याकाळी मी चर्चगेटपर्यंत तरंगत गेलो.

पुढे एकदा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी बघताना एका जाणत्यानं त्या आठांची ओळख करून दिली. माझा बैरागी म्हणजे ली थ्येक्वाय. देह शिष्याच्या राखणीला ठेवून त्याचा आत्मा फिरायला गेला. सात दिवस वाट बघ, म्हणाला. सहाव्या दिवशी शिष्याची आई मरणाला टेकली, म्हणून त्यानं देह जाळला आणि घर गाठलं. परतलेल्या लीला मिळालं ते एका लंगड्या भिकाऱ्याचं प्रेत. मच्छिंद्रनाथांचा परकायाप्रवेश ऐकत वाढलेल्या मला गोष्ट सांगावी लागली नाही, पायाचं मात्र सांगावं लागलं. ती काठी नव्हती, कुबडी होती.

बशी दुरुस्तीला परत मागितली नाही. मागितली असती तर सांधा कुठं आहे ते दाखवावं लागलं असतं.

परवा भाचीला हे सांगितलं. तिनं विचारलं, "मामा, पाय उजवा होता की डावा?"

आठवेना. पांढरा मात्र लख्ख आठवतो. निळा थेंबभर जास्त पडला होता.