संपलेले सेल आणि परतीचा टेम्पो

मोखाड्याच्या पाड्यांवर सेलची खरी विक्री पहिल्या पावसात होते. ओहोळ वाहू लागले की रात्री खेकडे धरायला माणसं बॅटऱ्या घेऊन निघतात. वीज गेली तर कधी येईल याचा नेम नसतो. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पावसाळा सरला की हे सगळे संपलेले सेल मुलांच्या खिशांतून शाळेत येतात.

इथं सेल लगेच कुणी टाकत नाही. उजेड मंदावला की ते कौलांवर उन्हात ठेवतात, मग आणखी एखादी रात्र निभावते. अगदीच मेले की पोरांच्या हाती. दगडानं ठेचायचं, वरची पितळी टोपी आणि मधली कार्बनची कांडी काढून घ्यायची; काळी पूड अंगणात सांडते. ती पूड मँगनीज डायऑक्साइडची, बाहेरचं कवच जस्ताचं. हात तसेच भाकरीला लागतात. उरलंसुरलं ओहोळात जातं. तालुक्यातलं बरंच पाणी वैतरणेला मिळतं, आणि मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण कोचाळ्याजवळ, म्हणजे आमच्याच तालुक्यात आहे. कुणी सेल चुलीत टाकतं. बंद सेल तापला की फुटतो.

म्हणून शाळेत झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी ठेवली. पत्र्याचा डबा नको, कारण सेलची टोकं पत्र्याला टेकली तर उरलासुरला करंट वाहून सेल तापतात. मोबाइलच्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या ठेवतो. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, भोसकायची नाही. ती कोरड्या वाळूच्या मडक्यात, घराबाहेर. जत्रेतल्या लुकलुकत्या खेळण्यांतले बटणसेल मात्र मी मुलांकडून आणवतच नाही, आईबापांकडून मागतो. लहान पोरानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. अशा वेळी ओकारी काढायची नाही, तडक दवाखाना गाठायचा.

एकदा एका चौथीतल्या पोरीनं सेलवरचं बारीक चित्र दाखवलं : चाकाची कचरापेटी आणि तिच्यावर फुली. “गुरुजी, यात टाकू नका म्हणतात, पण आपल्याकडं ही पेटीच कुठाय?” तिचं बरोबर होतं. पाड्यावर घंटागाडी येत नाही, ओला-सुका कचरा उकिरड्यात एकत्रच जातो.

2001 चे बॅटरीचे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. 2022 च्या नियमांनी पेन्सिल सेलपासून गाडीच्या बॅटरीपर्यंत सगळं कक्षेत घेतलं. आपण सेल इतर कचऱ्यापासून वेगळा ठेवून गोळा करणाऱ्याकडे द्यायचा. तो परत घेऊन त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीची.

शिशाच्या बॅटरीला हे सांगावं लागत नाही. जव्हारच्या बाजारात इन्व्हर्टरची नवी बॅटरी घेताना जुनी दिली की किंमत कमी होते, त्यामुळे फवारणी पंपाची बॅटरीसुद्धा कुणी टाकत नाही. धोका एवढाच, की ती भंगारात गेली तर कुणीतरी फोडून आम्ल जमिनीवर ओततं आणि उघड्यावर शिसं वितळवतं. शिसं पोरांच्या मेंदूवर जातं. म्हणून ती दुकानातच द्यावी. पेन्सिल सेलला मात्र भंगारवालाही हात लावत नाही. ज्याला भाव आहे ते आपल्या पायांनी परत जातं. ज्याला नाही ते आमच्या अंगणात राहतं.

आमच्या दुकानदारानं गल्ल्याशेजारी बरणी ठेवायला लगेच होकार दिला. सेलचा माल घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याला मी विचारलं, “जाताना रिकामाच जाता ना भाऊ? हे घेऊन जा की.” तो म्हणाला, “गुरुजी, मला काही अडचण नाही, पण वरून सांगितलेलं नाही. नेऊन देऊ कुणाला?”

तोवर बरणी भरली की पिशवी घेऊन मी एसटीनं त्र्यंबकमार्गे नाशिकला जातो आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे ती देतो. पण एका मास्तराची पिशवी म्हणजे व्यवस्था नव्हे. माल खेडोपाडी पोचवायला कंपनीला घाट आडवा येत नाही, तर परत न्यायला तरी का यावा? येत्या ग्रामसभेत हाच ठराव मांडणार आहे : सेल विकणाऱ्या प्रत्येक दुकानात बरणी असावी, आणि ती रिकामी करायला कंपनीनं माणूस पाठवावा.