असेंब्लीच्या बाई

कोल्हापुरातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलावर शाळा उघडायच्या आधी दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी पडलेली असतात. एक कालनिर्णय. दुसरं चर्चचं, त्यात जवळपास प्रत्येक तारखेवर कुणी ना कुणी संत ठाण मांडून बसलेला. या दोन्हींतून वर्षभराच्या सकाळच्या असेंब्लीचा तक्ता तयार करायचा, म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या वर्गानं काय सादर करायचं ते ठरवायचं, हे काम बाईंकडे आलं ते मराठी चांगलं म्हणून. दुसऱ्या कुणाला ते नको होतं, हेही तितकंच खरं.

तारखांची आपसांत गर्दी होते. 15 ऑगस्टला झेंडावंदन असतं आणि चर्चमध्ये त्याच दिवशी मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण. 6 डिसेंबरला युरोपातली मुलं संत निकोलसच्या नावानं बुटांत खाऊ शोधतात. इथं तो बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. 6 मे 1542 रोजी ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरला आणि 6 मे 1922 रोजी शाहू महाराज गेले. सुट्टीमुळे हा दिवस तक्त्यात येत नाही. तरी बाईंनी तो वहीत लिहून ठेवलाय, कारण झेवियर आणि शाहू ही दोन्ही नावं एका दमात घ्यावी लागणारं गाव कोल्हापूरच.

बाई ख्रिस्ती नाहीत. शाळेतले बरेचसे शिक्षक नाहीत, आणि वर्गात ख्रिस्ती मुलं असलीच तर एखाद-दुसरी. 2011 च्या जनगणनेत देशातली ख्रिस्ती लोकसंख्या 2.3 टक्के होती. करवीरनगरीत शाळेच्या रांगा मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, बौद्ध, धनगर अशा घरांतूनच भरणार. गावाला ख्रिस्ती पंथांमधले बारकावे ठाऊक नसतात. 1852 मध्ये कोल्हापुरात आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर प्रोटेस्टंट होते. कॅथलिकांचा आणि त्यांचा संसार वेगळा. कोल्हापूरकरांच्या लेखी सगळं मिळून 'मिशन'. 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा निघाला आणि कोल्हापूर जिल्हा त्यात गेला, ही बातमी तर बहुतेक पालकांपर्यंत पोचलीही नसेल. त्यांना पोचतं ते एवढंच : सिस्टर कडक आहेत आणि शिस्त चांगली आहे.

आता या रांगांपुढं रोज सकाळी प्रार्थना म्हणायची. कुणाला? कुणाकडं? काय मागायचं?

बाईंची खरी कारागिरी इथं सुरू होते. प्रार्थना अशी हवी की डोळे मिटून उभ्या असलेल्या कुणाही मुलाला खोटं बोलल्यासारखं वाटू नये. जैन घरातली मुलगी जगाचा कर्ता मानत नाही, मुसलमान मुलगा हात जोडून मूर्तीपुढं उभा राहणार नाही, आणि ज्यांच्या नावानं शाळा चालते त्या सिस्टरांना येशूचं नाव अजिबात न येणं खटकतं. 'ख्रिस्ती शाळा आहे ना टीचर आपली?' असं त्या विचारतात, आणि तो प्रश्न गैर नाही. सगळ्यांना चालेल असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं की प्रार्थना सरकारी परिपत्रकासारखी होते. मुलांना ती दुसऱ्या दिवसापासून ऐकू येईनाशी होते.

बाईंनी काढलेला मार्ग साधा आहे. त्या मागणं कमी करतात आणि आठवण वाढवतात. आज पहाटे उठून आपला डबा कुणी भरला, केएमटीच्या गाडीत आपल्याला जागा कुणी दिली, रस्ता कुणी झाडला, वर्गातलं कोण आठवडाभर आलेलं नाही : एकेका वाक्यात एकेक माणूस. शेवटी थोडी शांतता. ज्याला क्रूसाची खूण करायची तो करतो, ज्याला नाही तो करत नाही. आठ ओळींच्या पुढं प्रार्थना जाऊ द्यायची नाही आणि ती मुलानंच लिहायची, बाईंनी फक्त तपासायची. एकदा सहावीतल्या एकानं लिहिलं होतं, 'रंकाळ्यावर भेळ विकणाऱ्या काकांच्या गाडीवर पाऊस पडू नये.' सिस्टरांनी ते दोनदा वाचायला लावलं.

महिन्याचा पहिला शुक्रवार मात्र सिस्टरांचा. कॅथलिक परंपरेत तो येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीचा दिवस. त्या दिवशी शुभवर्तमानातली एक गोष्ट सांगितली जाते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट बाईंना सांगायला मिळाली तेव्हा त्यांनी यरुशलेम ते यरीहो हा रस्ता सरळ महामार्गावर आणला. तावडे हॉटेलच्या चौकात मोटारसायकलवाला पडलाय, देवळाचे पुजारी बघून गेले, शाळेतले सर बघून गेले, आणि ज्याच्याशी गावाचं जमत नाही असा एक जण थांबला. तो कोण, ते बाईंनी सांगितलं नाही. मुलांनी मधल्या सुट्टीत आपापले शोमरोनी ठरवले आणि त्यावरून बरीच बाचाबाची झाली. गोष्टीचा मूळ डंख तोच आहे. गुळगुळीत करून सांगितली की ती नुसती परोपकाराची गोष्ट उरते.

परक्या मातीतली गोष्ट इथल्या बोलीत आणायचा उद्योग बाईंनी काही नवा काढलेला नाही. झेवियर गोव्याच्या रस्त्यांवरून हातात घंटा घेऊन मुलांना गोळा करत फिरायचा, असं त्याच्याबद्दल नोंदलेलं आहे. 1579 मध्ये गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे झेवियरच्याच धर्मसंघातला, तर ओव्या लिहायला बसला. त्याचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. पुढं 1903 मध्ये हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटानं 'निरोप्या' हे मराठी मासिक काढलं. इंग्रजी माध्यमाच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे दुय्यम विषय, असं समजणाऱ्या पालकांना बाई ही तीन नावं ऐकवतात. राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा 2020 मध्ये आला. त्यानंतर ऐकवायची गरज थोडी कमी झाली, हौस कमी झालेली नाही.

डोरिंगचं पुढचं चरित्र 6 ऑगस्टच्या असेंब्लीत येतं. 1907 मध्ये तो पुण्याचा बिशप झाला, 1921 मध्ये त्याला धर्माधिकारी म्हणून हिरोशिमाला पाठवलं, 1927 मध्ये तो पुण्याला परतला. बॉम्ब पडला तेव्हा हिरोशिमाच्या वेशीवर पेद्रो अरुपे नावाचा दुसरा जेझुइट होता. त्यानं माद्रिदला वैद्यकीचं शिक्षण घेतलेलं. नवशिक्या धर्मबंधूंच्या आश्रमाचं त्यानं इस्पितळ केलं आणि दीडशेच्या आसपास जखमींवर उपचार केले. हे सगळं दोन मिनिटांत बसतं. बाईंचा अनुभव असा की सातवीच्या मुलांना बॉम्बचं वजन नको असतं, औषधं संपल्यावर त्यानं काय केलं ते हवं असतं.

कारागिरीचा दुसरा भाग अगदीच हाताचा आहे. वाचणाऱ्या मुलाचा कागद थरथरतो आणि माइकवर त्याचा फडफड आवाज येतो. म्हणून कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा. माइकची दांडी आदल्या दिवशी शिपाईमामांकडून त्या मुलाच्या उंचीची करून ठेवायची, नाहीतर पाचवीतलं पोर टाचा वर करून विचार सांगतं आणि अख्खी रांग हसते. पहिली ओळ पाठ हवी, बाकीची वाचली तरी चालते. नजर पहिल्याच ओळीला वर गेली की पुढं भीती उरत नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलाला एकट्यानं वाचायचा परिच्छेद द्यायचा नाही, त्याला दोघांत मिळून म्हणायचं काहीतरी द्यायचं. समूहात अडखळणं बहुतेक वेळा नाहीसं होतं, हे कुठल्याही संगीतशिक्षकाला माहीत असतं. 'टीचर, आमच्या पोरीलाबी एकदा स्टेजवर उभी करा की,' असं गेटपाशी सांगणाऱ्या आईला बाई तारीख देऊन टाकतात. तक्ता त्याचसाठी असतो. नाहीतर वर्षभर तीच चार चुणचुणीत मुलं माइकवर दिसतात.

शांतता पाळून घेणं सगळ्यांत अवघड. 6 मे 2022 ला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. दसरा चौकात, मंडईत, रस्त्यावर जो जिथं होता तिथं. बाईंनी त्या जूनपासून मुलांना तीच गोष्ट सांगायला सुरुवात केली : गाव शंभर सेकंद राहिलं, तुम्ही तीस राहून दाखवा.

वेळेचं गणित दरवर्षी बिघडतं. 2020 च्या प्रजासत्ताक दिनापासून राज्यातल्या शाळांत संविधानाची उद्देशिका वाचायची असा आदेश आहे. 'अधिनियमित'पाशी निम्मी रांग अजून घसरते. 2023 मध्ये राज्यगीत आलं. फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका असा शासननिर्णय निघाला आणि एका असेंब्लीच्या दोन झाल्या. त्यानंतर एप्रिलमध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागानं देशभरच्या आपल्या शाळांना सूचना पाठवल्या : इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, रोज उद्देशिका म्हणून घ्या, सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली ठेवा. काही राज्यांत शाळांमधल्या पुतळ्यांवरून आणि धर्मगुरूंच्या झग्यांवरून धमक्या येत होत्या, त्याची ही पार्श्वभूमी. कागद निघाला तो धास्तीतून, हे लपत नाही. पण त्यातलं बरंचसं इथं आधीपासून चालूच होतं, आणि ते धास्तीमुळं चालू नव्हतं.

शाळेचे हाउस चार. लाल, निळं, हिरवं, पिवळं. वर्गाचे गट पाडून चढाओढ लावायची जेझुइट परंपरा जुनी. 1599 च्या त्यांच्या अध्यापनसंहितेच्या काळात वर्ग रोमन आणि कार्थेजियन अशा दोन फळ्यांत विभागले जात. कोल्हापुरात यासाठी रोमला जायची गरज नाही. पाटाकडील आणि शिवाजी मंडळ हे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की पेठांचं काय होतं, ते मुलं घरी बघतातच. बाईंचं म्हणणं, हाउस पाडताना पेठेची मुलं मुद्दाम फोडून टाकावीत. तसं केलं की पहिला महिना कुणीच कुणासाठी ओरडत नाही, मग हळूहळू ओरडू लागतात.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी चढतच राहिलं. शाळा पुन्हा भरल्या तेव्हा पूरग्रस्त गल्ल्यांतली मुलं रंगीत कपड्यांत आली; गणवेश, वह्या, दप्तर सगळं गेलेलं. त्या काही दिवसांत बाईंनी असेंब्लीत गणवेशाची तपासणी पूर्ण बंद ठेवायला लावली आणि प्रत्येक वर्गाकडून एकाच विषयाची वही दुसऱ्यासाठी उतरवून घेतली. सुविचार वगैरे काही नव्हते. शाळा म्हणून एकत्र राहण्याबद्दल बाईंना काही विचारलं तर त्या याच आठवड्याबद्दल बोलतात.

ऑफिसबाहेरच्या पाटीवर शाळेचं ध्येय सुरेख अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याची परीक्षा पाटीपाशी होत नाही, प्रवेशाच्या खिडकीपाशी होते. याच कोल्हापूर संस्थानात 1917 मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आजच्या खिडकीवर पैसे पालकच मोजतो, ते मूल शाळेत घ्यावं म्हणून. शिक्षणहक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांची अट अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये दिला. संस्थेच्या स्वायत्ततेसाठी तो महत्त्वाचा असेलही. पण गरिबाचं मूल आत घ्यायला कायद्यानं आडकाठी केलेली नाही, हेही त्याच निकालाइतकं खरं आहे. चर्चच्या ग्रामीण शाळा आणि वसतिगृहं नगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या दलित मुलांना शिकवत आली, मराठीतून. शहरातल्या इंग्रजी शाळांनी त्या भावंडांकडं अधूनमधून बघावं, असं बाई सिस्टरांना सांगतात. सिस्टर हसतात आणि फी-माफीच्या अर्जांची फाइल पुढं करतात. फाइल जाड नाही, रिकामीही नाही.

शाळा नेमकी कशासाठी, हा प्रश्न ज्यांनी सगळ्यांत कडक विचारला, ते हिरोशिमातले अरुपेच. 31 जुलै 1973 ला, जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियसच्या सणादिवशी, ते वालेन्सियात माजी विद्यार्थ्यांपुढं बोलले. तेव्हा ते संघाचे प्रमुख होते. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर नाही असं स्वतःच दिलं. समोर बसलेल्या अनेकांना ते रुचलं नाही. दुसरी तारीख लगेच पुढची : 1 ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठेंची जयंती. वाटेगाव इथून काही फार लांब नाही. अण्णा भाऊ शाळेत गेले ते दीड दिवस, आणि पुढं पोवाडे, कथा, कादंबऱ्या लिहिल्या.

बाईंनी यंदा हे दोन दिवस जोडून सातवी ब कडे दिलेत. पहिल्या दिवशी अरुपेंचा प्रश्न, दुसऱ्या दिवशी दीड दिवसाच्या शाळेवर नाटुकलं. फादर पाहुणे म्हणून येणार आहेत, त्यांना विषय कळवलाय. अण्णा भाऊ व्हायला तिघं तयार आहेत. त्या शाळेतला मास्तर व्हायला मात्र वर्गातलं कुणीच तयार होईना, म्हणून तूर्त ती भूमिका बाईंच्या नावापुढं लिहिलेली आहे.