शिंगं वाकडीच राहू द्या!

मैत्रिणींनो, पोळा जवळ आला की वाशिमला आमच्या घरी शेतातली काळी माती येते. माती चाळून, त्यात थोडा पिंजलेला कापूस घालून मळा. बैल तडकत नाही. पायांत काड्या घाला, डोळ्यांना ज्वारीचे दाणे लावा अन् सावलीत वाळवा. झालं!

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्यासाठी माझ्या पाच वर्षांच्या लेकानं बैल केला. तो झोपल्यावर मी ओल्या बैलाची शिंगं हळूच सरळ केली. सकाळी तो बैलाला हात लावीना. म्हणाला, "हा तुझा. माझा कुठंय?"

मला काही बोलताच येईना. यंदा पूजेच्या पाटावर वाकड्या शिंगांचाच बैल बसणार. तुम्हीही माती मळून द्या, पण पुढं हात आवरा बरं का!