वऱ्हाडातली अमेरिका

अमरावतीचा कॅम्प किंवा अकोल्याची सिव्हिल लाइन्स दाखवून जुनी माणसे सांगतात, "हे सारे इंग्रजांनी वसवले." बोलणे खरे आहे, पण अर्धेच. बंगले इंग्रजांचे, रेल्वेही इंग्रजांची. परंतु या गावांचे वळण अमेरिकेतल्या कापूसगावांचे आहे. ते कसे आले, हे आपल्या मुलामुलींना ठाऊक हवे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या गुलामांकडून कापूस पिकवून घेत, आणि तो इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना जाई. युद्धात बंदरांची नाकेबंदी झाली, गिरण्या बंद पडू लागल्या. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर स्थिरावली. १८६५ ला युद्ध संपले आणि भाव कोसळले, पण कापसाचा व्यापार काही थांबला नाही. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला अमरावतीवरूनच 'उमरा' हे नाव पडले!

एखाद्या रविवारी मुलांना घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याला जा. सुमारे ऐंशी किलोमीटरचा प्रवास आहे. वाटेत मूर्तिजापूर लागते. कापूस वाहून नेण्यासाठी विलायती कंपनीने टाकलेले शकुंतलेचे अरुंद रूळ इथूनच एकीकडे यवतमाळला, दुसरीकडे अचलपूरला गेले. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. आता ती गाडी बंद आहे.

अकोल्यात मोर्णेच्या एका तीरावर असदगड आणि जुन्या शहराचे वाकडेतिकडे बोळ आहेत. दुसऱ्या तीरावर ताजनापेठ, कचेऱ्या, स्टेशन आणि रतनलाल प्लॉटसारख्या आखीव वस्त्या. अमरावतीतही परकोटाच्या आतले गाव वेगळे आणि बाहेरचा कॅम्प वेगळा. स्टेशन, बाजार, जीन, गाठी दाबणारी प्रेस, गोदाम ही कापसाच्या गावाची साखळी अमेरिकेतही हीच. मशीनसुद्धा तिकडचेच. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसाने १८४० साली काढलेला रोलरचा जीन इंग्लंडच्या ओल्डहॅममध्ये बनून हिंदुस्थानात आला. आपल्याकडच्या डबल रोलर जीनचे मूळ त्यातच आहे.

आणखी एक साम्य आहे, ते मात्र मनाला लागते. मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावात रुळांच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला काळे राहत. कापूस काळ्यांनी वेचायचा, पैसा गोऱ्यांच्या पेढीत जायचा. आपल्याकडे रूळ येण्याच्या कितीतरी आधीपासून वस्ती गावकुसाबाहेर होती. कापूस वेचायला आमच्या बाया, जीनमध्ये आमचे बापे; नाकातोंडात रुईचा भुगा जायचा. आणि नाव? ते प्लॉटाला, पेठेला, चौकाला दुसऱ्याचेच.

हे नाते आपल्या थोरांनी फार आधी ओळखले होते. अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सज्जनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले. बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले. वऱ्हाडच्या शेतातला माणूस आणि मिसिसिपीच्या शेतातला माणूस एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण एकाच धाग्याला दोघांचे हात लागले होते.

म्हणून कॅम्पातला बंगला पाहताना मुलांना फक्त साहेबाचे नाव सांगू नका. घरात आजी असेल तर तिला विचारा, जीनमध्ये तिला किती रोज मिळे, वेचणीला पहाटे किती वाजता निघावे लागे. तिचे उत्तर मुलांच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा. गॅझेटियरमध्ये लॉर्ड मेयो सापडेल. आजी तुमच्या वहीतच सापडायची आहे.