पत्र्याआधी कागद

मोटारसायकलचा एक्झॉस्ट पाइप घरी बनवायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वेल्डिंगच्या ठिणग्या येतात. माझं मत असं की वेल्डिंगला हात लावण्याआधीच या कामाचा निकाल लागलेला असतो. मी हे टू-स्ट्रोक इंजिनापुरतं बोलतो आहे, कारण तिथे पाइप हा इंजिनाचाच एक अवयव असतो. पिस्टन वर चढताना ट्रान्स्फर पोर्ट आधी बंद होतं, एक्झॉस्ट पोर्ट नंतर. त्या मधल्या क्षणात नुकतंच आत आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण बाहेर निसटू लागतं. ते अडवायला तिथे व्हॉल्व्ह नाही. ती राखण पाइपातून परत येणारी दाबाची लाट करते. रुंदावत जाणाऱ्या शंकूतून जाताना ही लाट मागे कमी दाब धाडते आणि सिलिंडर रिकामा व्हायला मदत करते. पुढच्या निमुळत्या शंकूवर आपटून ती उलटी फिरते आणि निसटलेलं मिश्रण पोर्ट मिटण्याच्या बेतात पुन्हा आत लोटते. पूर्व जर्मनीत झोपाउच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी 1950च्या दशकात हे तंत्र इतकं घोटलं, की 1961 साली त्यांचं 125 सीसीचं रेसिंग इंजिन सुपरचार्जरशिवाय 25 अश्वशक्ती देत होतं. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला, आणि 1962चं 50 सीसीचं जगज्जेतेपद त्याने सुझुकीवर मिळवलं. एका माणसाबरोबर ही विद्या सीमा ओलांडू शकली, कारण तिचा गाभा लांबी, कोन आणि वेळ यांच्या हिशेबात होता.

तो हिशेब वहीत मावतो. समजा एक्झॉस्ट पोर्ट 180 अंश उघडं राहतं आणि जोर 8000 आरपीएमला हवा आहे. मग पोर्ट उघडं असण्याचा काळ सुमारे पावणेचार मिलिसेकंद. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 510 मीटर धरला, तर तेवढ्या वेळात जाऊन परत येणाऱ्या लाटेसाठी लांबी येते जवळपास 95 सेंटिमीटर. हजार आरपीएम वाढवले की ती 85वर येते. म्हणून क्रँकवर डिग्री प्लेट लावून पोर्ट नेमकं कधी उघडतं आणि कधी मिटतं हे मोजल्याशिवाय पत्रा कापणं म्हणजे माप न घेता सदरा बेतणं. शंकूही कागदावरच उलगडतो. 40 मिलिमीटर व्यासापासून 100पर्यंत 400 मिलिमीटर लांबीत जायचं असेल, तर सुमारे 669 आणि 267 मिलिमीटर त्रिज्यांच्या दोन कमानींमधला 27 अंशांचा पंखा कापायचा. आधी तो पुठ्ठ्याचा करून गाडीला लावून पाहावा. फ्रेम, फुटरेस्ट आणि चाक कुठे आडवे येतात, वळणासाठी शंकूच्या तिरक्या चकत्या कुठे पाडायच्या, हे पुठ्ठा सांगतो आणि चुकला तर फुकट सांगतो. पत्रा साधारण एक मिलिमीटरचा, साध्या पोलादाचा घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मात्र वेल्ड करू नये, त्याचा धूर विषारी असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की नुसता सायलेन्सर उघडला तरी गाडी पळते, मग एवढा हिशेब कशाला? आरएक्स 100 या टू-स्ट्रोक मोटारसायकलच्या चाहत्यांमध्ये ही समजूत खोल रुजली आहे. पण कडक फायरिंग ऐकून वेग ठरवणारा कान फसतो. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये घड्याळ लावून पाहावं. शंकूच काढून टाकले तर परतणारी लाटच उरत नाही आणि ताजं मिश्रण धुराबरोबर जातं. उलट, शेवटच्या बारीक नळीला आत लोकर भरलेला सरळ सायलेन्सर जोडला तर ताकद जवळजवळ तेवढीच राहते. शेजाऱ्यांची झोप मोडणारा आवाज हा शक्तीसाठी मोजावा लागणारा दर नाहीच. दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. घरचा पाइप शर्यतीच्या मातीच्या ट्रॅकवर शोभतो, लक्ष्मी रोडवर नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आता संगणक हे सगळं आकडेमोडीत बसवून देतो. देतो खरा, पण पोर्टचे अंश त्याला आपणच मोजून द्यायचे असतात. वायूचं तापमानही तो धरून चालतो. प्रत्यक्षात ते पाइपभर बदलतं आणि त्याबरोबर लाटेचा वेगही. म्हणून घरी काम करणाऱ्याने पहिल्या पाइपला नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते टिपके, मारावेत, हेडर, म्हणजे इंजिनाला जोडणारी पहिली नळी, थोडा लांब ठेवावा आणि चालवून पाहत कापत यावं. दुकानातला पाइप हजार इंजिनांसाठी बेतलेला असतो. हा एकासाठीच असतो, आणि घरच्या कामाला अर्थ येतो तो इथे. शेवटची नळी मात्र आधी रुंदच ठेवावी, कारण ती अरुंद झाली की उष्णता कोंडते आणि पिस्टन जळतो. नव्या पाइपने इंजिन जास्त हवा ओढू लागतं, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट सुरुवातीला मोठा बसवावा आणि प्लगचा रंग तपासत एकेक क्रमांक खाली यावं.